चूक दिसेल तिथे गोल करावा

१

शाळेच्या भिंती रंगवणं हा माझा धंदा. सोळा वर्षं झाली. सेलू, पाथरी, गंगाखेड, कुठल्याही बाजूला जा, परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या तरी जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्हाला माझी पचनसंस्था दिसेल. जठर, लहान आतडं, मोठं आतडं, बाण आणि नावं. शेजारी महाराष्ट्राचा नकाशा, पाढे, ऋतू. सगळं पुस्तकातून उतरवलेलं. कुणी म्हणालं की यकृत जरा मोठं झालंय, तर मी यकृत लहान करतो. यकृत काही माझं नाही.

यंदा मे महिन्यात येलदरी धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात काम लागलं. नकाशे आणि पाढे आठवड्यात उरकले. मग मुख्याध्यापक किशनराव सर म्हणाले, "सिद्धोधन, ती मागची लांब भिंत हाय ना, तिच्यावर तुमच्या मनानं काहीतरी काढा. पुस्तकातलं नको. शाळा उघडल्यावर लेकरं बघून खुश झाली पायजेत."

तुमच्या मनानं. सोळा वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी जिंतूरला घरी येऊन बायकोला सांगितलं, तर संघप्रिया हसायला लागली. "मंग काढा की. घाबरायलात कामून?"

मी खरंच घाबरलो होतो. आणि खुशही होतो, इतका की जेवताना ताटात काय आहे ते कळलं नाही.

मी शाळा सुटल्याचं चित्र काढायला घेतलं. फाटक सताड उघडं आणि एकतीस लेकरं धावत बाहेर येतायत. कुणाचं दप्तर अर्धं उघडं, कुणाच्या चपला हातात. एक कुत्रंही त्यांच्याबरोबर पळतंय. सगळ्यांत पुढं दोन वेण्यांची मुलगी, तोंड उघडून काहीतरी ओरडणारी. ती माझी उत्पला. माझी एकुलती एक मुलगी, यंदा सहावीत जाणारी. तिला घरी समोर उभी करून मी वहीत कच्चं चित्र काढलं होतं. खाली कोपऱ्यात आपलं नाव घालायचं हेही ठरवलं होतं. सोळा वर्षांत मी कुठल्या भिंतीवर नाव घातलं नव्हतं.

दुपारी गावातली माणसं सावलीला शाळेत यायची आणि बोलायची.

"पेंटर, जरा उठाव येऊ द्या."

"काहीतरी कमी वाटायलंय बगा."

"आमच्या मेव्हण्याच्या गावात काढलंय, ते लय भारी हाय."

काय कमी आहे, उठाव कुठं हवा, हे कुणाला सांगता येईना. पचनसंस्थेबद्दल बोलले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. इथं मात्र शब्द न् शब्द जिव्हारी लागत होता. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. खडूचा एक तुकडा सुतळीला बांधून भिंतीच्या कडेला खिळ्यावर अडकवला आणि पुठ्ठ्यावर लिहिलं : 'तोंडी सूचना देऊ नयेत. चूक दिसेल तिथे गोल करावा.'

हातात खडू दिला की माणसं गप्प बसतात, असा माझा अंदाज होता. वर्गात तसंच होतं.

२

पहिल्या दिवशी चार गोल झाले. चारही वाकडेतिकडे. कुणीतरी कुत्र्याभोवती गोल करून शेजारी लिहिलं होतं, 'हे आमचं हाय का?' शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुलाबाई सुट्टीतही झाडलोट करायला यायच्या. त्यांनी एका दप्तराभोवती गोल केला. म्हणाल्या, "पेंटरभाऊ, दप्तराला बंद एकच हाय." पाहिलं तर खरंच एकच होता. मी दुसरा काढला. त्या अख्ख्या महिन्यात कामाला आलेली सूचना ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी जेवून बाहेर आलो तर पाचवा गोल होता. एका मुलाच्या डाव्या मनगटाभोवती, ताटलीएवढा.

तो भाग मी अर्ध्या तासापूर्वी रंगवला होता. ऑइल पेंट ओला होता. ओल्या रंगावर खडू फिरवला तर रंग फाकतो, खडू चिकट होतो, सगळा राडा होतो. ही रेघ रंगावर कोरडी, पांढरीशुभ्र बसली होती. खाली गिलावा खडबडीत, तरी ती कुठंही तुटली नव्हती. कंपासनं काढावा इतका नेमका गोल. मध्ये टोक रुतल्याची खूण मात्र नव्हती.

मी मनाशी म्हटलं, किशनराव सर असतील. तीस वर्षं फळ्यावर गोल काढलेला मास्तर असा गोल काढू शकतो. सर त्या दिवशी मीटिंगला परभणीला गेले होते, हे मला माहीत होतं. तरी मी तेच धरून चाललो.

मग मी मनगट बघायला लागलो. ते बरोबर होतं. पुन्हा पाहिलं. पाच मिनिटांनी जरा जाड वाटलं. दहा मिनिटांनी ते मनगट आहे असंच वाटेना. मी ते पुसून पुन्हा काढलं.

हे मुद्दाम सांगतोय. मला कुणी काही करायला लावलं नाही. भिंतीवर फक्त गोल होता. चूक मी शोधून दिली.

३

ऊन चव्वेचाळीसवर गेलं तशी माणसं यायची थांबली. एक म्हातारा तेवढा यायचा, आश्रुबा. लिंबाखालच्या ओट्यावर काठी आडवी ठेवून बसायचा आणि भर दुपारी जेवायला घरी जायचा. उठताना रोज एकच वाक्य टाकायचा, "पेंटर, आज बी जमलं न्हाई." काय जमलं नाही, ते कधी नाही.

तो गेला की मी चौथीच्या वर्गात डबा खायचो आणि तिथंच फरशीवर आडवा व्हायचो. माझी भिंत त्याच वर्गाची मागची भिंत. डोकं तिला लावून पडलो की पलीकडचा आवाज यायचा.

खडूचा आवाज आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेला असतो, त्याबद्दल गल्लत होत नाही. हा आवाज सावकाश यायचा. एकाच गतीनं, न थांबता, पाचसहा श्वास होतील इतका वेळ. मग 'टक्'. टेबलावर खडू ठेवल्यासारखं.

पहिल्यांदा मी धावत बाहेर गेलो. कुणी नव्हतं. सुलाबाईंनी सकाळी झाडलेल्या मातीवर खराट्याच्या रेघा जशाच्या तशा होत्या आणि त्यांवर फक्त माझी पावलं. भिंतीवर मात्र नवा गोल होता, एका मुलीच्या गुडघ्याभोवती.

मी खडू काढून खिशात घातला, पुठ्ठा फाडून टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच आवाज आला. गोल एका चेहऱ्याभोवती होता.

उन्हानं असं होतं, हे मी स्वतःला कितीदा समजावलं. डोक्यावर ओलं फडकं बांधायला लागलो, ताक प्यायला लागलो. पण गोल भिंतीवर दिसत होता आणि मला तो दुरुस्त करावाच लागत होता. त्यात खडूचा हात आहे की माझ्या डोक्याचा, यानं चुकीला काय फरक पडणार होता?

चेहऱ्याभोवती गोल आला की मी चेहरा बदलायचो. तीनदा बदलूनही मन भरलं नाही की मागच्या मातकट रंगानं ते लेकरू झाकून टाकायचो. झाकलं की तिथं पुन्हा गोल यायचा नाही. त्या जागेकडं बघून बरं वाटायचं. निर्दोष जागा. एकतीसची बावीस झाली, बावीसची चौदा. कुत्रं तर मी गोल यायच्या आधीच झाकलं, उगाच वाट कशाला बघायची म्हणून.

घरी उत्पला रोज विचारायची, "पप्पा, माझं चित्र झालं का?" मी म्हणायचो, होत आलंय.

४

सहा लेकरं उरली तेव्हा मी आश्रुबाला धरलं.

हे सांगताना आजही मान वर होत नाही. सकाळची वेळ होती. आदल्या दुपारचा गोल मी अजून पुसला नव्हता. हातपंपावर दोन बाया पाणी भरत होत्या, सुलाबाई पायऱ्या झाडत होत्या. आश्रुबा नेहमीसारखा ओट्यावर बसला होता. मी ब्रश फेकला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"तुमीच करायलात हे गोल. आमच्या कामाची नासाडी करायलात. दिवसभर नुसतं बसून दुसऱ्याला नावं ठेवायची, दुसरं जमतंय काय तुमाला? जन्मात एक रेघ तरी मारली का?"

मी त्याचा हात ओढला आणि पंजा उलटा करून बायांना दाखवला. "बगा, खडू बगा ह्याच्या हाताला!"

हाताला काही नव्हतं. कोरडा, भेगाळलेला म्हातारा पंजा.

"पेंटरभाऊ," सुलाबाई हळूच म्हणाल्या, "त्यांना दिसत न्हाई. दोन वर्षं झाली, काचबिंदूनं डोळे गेले त्यांचे."

मी हात सोडला. हातपंप थांबला होता.

आश्रुबानं काठी चाचपली. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आधी चार दिवस इथं माणसं लय हसायची, बाप्पू. ह्ये अमक्याचं पोरगं, ती तमक्याची पोरगी, असं बोलायची. मंग कुणी हसना. तुमी सोता बी काम करताना गुणगुणायचाव, ते बी बंद झालं. मनून मनलो मी, जमायलं न्हाई. दुसरं मला काय कळतंय चित्रातलं?"

तो उठला आणि भिंतीला हात लावत लावत फाटकाकडं निघाला. झाकलेल्या लेकरांवरून त्याचा तळवा सरकत गेला. कालच्या गोलापाशी मात्र बोटं थांबली. रेघेवरून ती दोनदा फिरली.

"पेंटर, ह्यो खडू न्हाई."

"मग काय हाय?"

"एवढ्या उन्हाचं गार कामून लागायलंय?"

त्यानं बोटं धोतराला पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, आणि आंधळ्या माणसानं चालू नये इतक्या घाईनं तो निघून गेला. मी पुढं होऊन हात लावला. सकाळचं ऊन तिरपं पडून भिंत तव्यासारखी तापली होती. रेघ माठासारखी गार होती.

तो पुन्हा आला नाही. सुलाबाईंना त्याचं घर विचारायला हवं होतं. जाऊन त्याच्या पाया पडायला हवं होतं. मी गेलो नाही. मला भिंत पुरी करायची होती.

५

मग एकच मुलगी उरली. दोन वेण्या, उघडं तोंड. तिच्यामागं उघडं फाटक आणि मातकट मैदान.

त्या दुपारी मी वर्गात गेलो नाही. डबा उघडला नाही. भिंतीसमोर दहा पावलांवर उन्हात उभा राहिलो आणि ठरवलं की नजर हलवायची नाही. कुणी आलं तर दिसेल. कुणी आलं नाही तर गोलही येणार नाही आणि हे सगळं माझ्या डोक्यातलं होतं असं ठरेल. दोन्ही मला चालणार होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. घाम डोळ्यांत उतरत होता. गावात कुठंतरी पिठाची गिरणी चालू होती, ती बंद पडली.

उजव्या वेणीच्या वर एक पांढरा ठिपका होता. तो आधीपासून होता का, हे मी आठवायला लागलो. तेवढ्यात त्याची रेघ झाली.

तिथं हात नव्हता. खडू नव्हता. भिंतीवर दुपारची आखूड सावली होती, ती छपराच्या पत्र्याची. रेघ आपली आपण सरकत होती, गिलाव्याच्या खळग्यांतून उतरत, चढत, मुंगी चालावी तशी. वेणीवरून खांद्याकडं, तिथून खाली, फ्रॉकच्या घेराबाहेरून पायांखालून पलीकडं. तिला घाई नव्हती. वर्तुळ पुरं व्हायला चार बोटं उरली तेव्हा ती आणखी हळू झाली. दोन टोकं नीट जुळावीत म्हणून मीही तिथं हात असाच हळू करतो.

टोकं जुळली. माझ्या डाव्या कानापाशी 'टक्' झालं.

मी पळालो नाही. पुढं झालो आणि बघायला लागलो.

कान बघितले, हात बघितले, दात मोजले. तिच्यात चूक नव्हती. माझ्या हातून उतरलेलं सगळ्यांत चांगलं काम होतं ते, आणि मला ते कळत होतं. तीन तास मी तिच्यासमोर उभा होतो. मग सापडलं. ती फार खात्रीनं पळत होती. फाटकाबाहेर कुणीतरी आपली वाट बघतंय, आपण दिसलो की ते खुश होणार, अशी पक्की खात्री तिच्या तोंडावर होती. एवढी खात्री बरी दिसत नाही, असं मला वाटलं. एकदा वाटलं ते वाटलंच.

मी मोठा ब्रश घेतला. तोंड शेवटी झाकलं.

६

दुसऱ्या दिवशी किशनराव सर आले. भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. भिंतीवर उघडं फाटक होतं आणि रिकामं मैदान.

"छान," सर म्हणाले. "मोकळं मोकळं वाटायलंय. पन काहीतरी कमी हाय बगा."

मी मान डोलावली. डबे, ब्रश गोळा केले, रंग पुसायचं फडकं खिशात कोंबलं. नाव घातलं नाही.

जिंतूरला घरी पोचलो तेव्हा चार वाजले असतील. बाहेरच्या खोलीत कूलर चालू होता. संघप्रिया आत स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. उत्पला शहाबादी फरशीवर पालथी झोपली होती. उन्हाळ्यात ती अशीच झोपते, एक गाल फरशीला लावून, गारव्यासाठी. वहीचा कागद शेजारी पडला होता, त्यावर मी काढलेलं तिचं कच्चं चित्र.

तिच्याभोवती गोल होता.

डोक्याच्या वरून फरशीवर सुरू होऊन रेघ तिच्या एका वेणीवरून गेली होती. तिथून कोपरावरून खाली उतरून फ्रॉकच्या पसरलेल्या घेरावरून पावलांपलीकडं, आणि दुसऱ्या बाजूनं वर. घेराला चुण्या होत्या. चुण्यांमध्येही ती तुटली नव्हती. दोन्ही टोकं नीट जुळलेली होती.

मी ओरडायला हवं होतं. तिला उचलून बाहेर पळायला हवं होतं. कुठल्याही बापानं तेच केलं असतं.

मी बघायला लागलो.

डावा खांदा उजव्यापेक्षा जरा वर होता. मानेवर तीळ होता, तो मध्यापासून बोटभर सरकलेला. टाचा फाटलेल्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. ही सगळी माझी रोजची उत्पला होती, जिच्या अंगावरचा प्रत्येक डाग मला पाठ आहे. त्या क्षणी मी तिला भिंतीसारखी बघत होतो, वरून खाली, डावीकडून उजवीकडं. नाकाला टरपेंटाइनचा वास आला तेव्हा कळलं की फडकं माझ्या हातात आहे. खिशातून ते कधी काढलं, आठवत नाही.

"आलात का?" आतून संघप्रियानं विचारलं. "चहा टाकू?"

"टाक," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला.

मग मी चेहऱ्याकडं वळलो आणि पाहिलं, उत्पलाचे डोळे उघडे होते. किती वेळ, कोण जाणे. ती हलली नव्हती. फरशीला गाल तसाच ठेवून ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मास्तर वहीवर वाकले की लेकरं बघतात तशी.

"पप्पा," तिनं अगदी हळू विचारलं, "माझं काय चुकलं?"

काही नाही बाळा, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दसुद्धा लागले नसते. पण सांगायला लाज वाटते, माझ्याकडं उत्तर तयार होतं.